जीर्ण आणि कालबाह्य

एखादी वस्तू जुनी झाली, असे आपण फार सहजपणे बोलून जातो. ती कोणाच्या दृष्टीने जुनी झाली आणि तसे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. धोतर विरले किंवा खुर्चीचा पाय मोडला, तर विचारण्याचे कारणही नसते. वस्तू स्वतःच आपली साक्ष देते. संगणकाचे तसे नाही. त्यातही जो संगणक केवळ खेळ खेळण्यासाठी घेतला, त्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. घरातल्या बहुतेक खरेद्यांना ‘गरज’ हा शब्द प्रतिष्ठा मिळवून देतो. येथे तो कामास येत नाही.

आमच्या घरी असे एक यंत्र आहे. इंटेलच्या सातव्या पिढीचा प्रोसेसर असलेले ते यंत्र २०१७ साली घेतले. तेव्हापासूनचे सारे उन्हाळे त्याने सोसले. आणि रायपूरचा मे महिना म्हणजे काय, हे येथे बदलून आलेल्या वाचकांस सांगावयास नको. वर्षातून एकदा पंखे उघडून धूळ झाडावी, प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी, की ते पूर्ववत चालू लागते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला वस्त्राची उपमा दिली आहे. तेथे टाकून द्यावयाची वस्त्रे जीर्ण आहेत, शेजाऱ्याने नवी शिवली म्हणून टाकलेली नव्हेत. त्या कसोटीवर आमचे यंत्र उतरते. ते जीर्ण झालेले नाही.

तरीही ते कालबाह्य ठरले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. घरगुती वापर करणाऱ्यांनी नोंदणी केल्यास सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय ठेवली, एवढेच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था लागते आणि, मोजके अपवाद सोडल्यास, इंटेलची आठवी किंवा पुढील पिढी लागते. मेजावरील संगणकांसाठी सातवी पिढी जानेवारी २०१७ मध्ये आली आणि आठवी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. नऊ महिन्यांच्या फरकाने एक आत आणि एक बाहेर! ह्यात केवळ विक्रीचा डाव आहे, असे मी म्हणणार नाही. दुरुस्त्या न मिळणारे यंत्र जाळ्याला जोडून ठेवणे धोक्याचे असते, आणि तो धोका मालकापुरता राहत नाही. परंतु हे बाहेरच्या जगाविषयीचे विधान झाले, यंत्राविषयीचे नव्हे. आपण मात्र जगाचा बदल यंत्राच्या माथी मारतो.

मग भाग बदलावेत, की सगळेच नवे घ्यावे? येथेही यंत्रायंत्रांत भेद आहे. इंटेलच्या त्या दोन्ही पिढ्यांच्या बैठकीला ११५१ च स्पर्शबिंदू. तरी जुना मदरबोर्ड नवा प्रोसेसर स्वीकारीत नाही. ह्याउलट एएमडीच्या एएम४ बैठकीचे. २०१७ साली घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर, बायॉस अद्ययावत करून, २०२२ चा प्रोसेसर बसविता येतो. त्याच पेटीत स्मृती वाढली, चकतीऐवजी एसएसडी आली, ग्राफिक्स कार्ड बदलले, तर तो संगणक जुना की नवा? रायपूरहून महानदीकाठी सिरपूरला गेलेल्यांनी तेथील बौद्ध विहारांचे अवशेष पाहिले असतील. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन ह्यांचा संवाद तेथे हटकून आठवतो. चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, असे नागसेन विचारीत जातो आणि ‘रथ’ हे व्यवहारापुरते नाव उरते. मला त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे, की ‘हा माझा जुना संगणक’ ह्या शब्दांतील ममत्वालाही फार भाव देऊ नये. जिव्हाळ्यापोटी नऊ भाग बदलून नव्याइतकाच खर्च करणारा मनुष्य काटकसरी नव्हे, हळवा आहे.

आपल्यापैकी ज्यांनी कार्यालयाचे भांडार सांभाळले असेल, त्यांस २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील विल्हेवाटीचे प्रकरण ठाऊक असेल. वस्तू अतिरिक्त, कालबाह्य अथवा निकामी ठरवावयाची, तर तिच्या खरेदीचा अधिकार ज्याला असेल त्यानेच त्याची कारणे लिहून ठेवावयाची. हा नियम मला नेहमीच शहाणपणाचा वाटत आला आहे. घरी खरेदीचा अधिकारी आपणच असतो. पण नस्ती नसते, म्हणून कारण लिहिले जात नाही. ते न लिहिल्यामुळे तोंडी कारण तयार होते: “हल्ली फार अडकतो हो!” न अडकणाऱ्या यंत्राची ही निंदा पत्नीच्या कानी घालून आपण नव्याची वाट मोकळी करतो. नव्याची इच्छा होणे ह्यात मला दोष दिसत नाही. खेळ हीच इच्छेची गोष्ट आहे. तिच्यासाठी घेतलेले यंत्र इच्छेसाठी बदलले तर बिघडले कोठे? पण मग लिहावयाचे कारण ‘इच्छा’ हेच. ते लिहिले म्हणजे गावी पाठवावयाच्या पैशांपुढे आणि शाळेच्या शुल्कापुढे त्याला आपल्या योग्य क्रमाने उभे राहावे लागते. २०२५ च्या अखेरीस स्मृतीचे भाव जे चढले, ते पाहता तो क्रम मागेच लागतो.

आणखी एक गोष्ट त्या टिपणात यावयास हवी: टाकलेले जाते कोठे? २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आली. तरीही गल्लीत हाक देत येणारा कबाडी आपल्या दाराशी आधी पोहोचतो, आणि पुढे कोठेतरी तांब्यासाठी तारा जाळल्या जातात. तो धूर आपल्या घरात येत नाही, म्हणून हिशेबातही येत नाही.

आमच्या यंत्राचे टिपण मी एका कागदावर खरोखरच लिहिले. नवे सध्या नाही. एसएसडी बसविली, विंडोज काढून लिनक्स घातले. व्हॉल्व्हने २०१८ साली आणलेल्या प्रोटॉनमुळे विंडोजसाठी लिहिलेले पुष्कळ खेळ त्यावर चालतात. व्हॅलोरंट चालत नाही. शिक्षणासाठी आमच्याकडे राहिलेल्या भाच्याला नेमका तोच हवा आहे. त्याने कागद वाचला आणि खाली पेन्सिलीने लिहिले, ‘मामा, फेरविचार व्हावा.’ तो कागद अद्याप मेजावरच आहे.