दुरुस्ती आणि छल

चूक दाखवून देणे हे कृत्य नैतिकदृष्ट्या निरपवाद आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. असत्याच्या जागी सत्य येते. त्यात कोणाचे काय बिघडावे? या युक्तिवादात मात्र एक पायरी गाळलेली असते. एखादे विधान सत्य असणे ही एक गोष्ट, आणि ते विधान त्या वेळी, त्या माणसाला, त्या रीतीने ऐकवणे समर्थनीय असणे ही दुसरी. पहिलीचा निर्णय ज्ञानमीमांसेच्या कक्षेत येतो, दुसरीचा नीतिविचाराच्या. 'मी सांगितले ते बरोबर होते की नाही?' असा प्रतिप्रश्न करणारा दुरुस्तीकार पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर दुसराही प्रश्न निकालात काढू पाहतो. ही सरमिसळ सर्वच विद्याक्षेत्रांत आढळते. तथापि संगणकीय तंत्रज्ञानाचा व्यासंग असलेल्या मंडळींच्या वादांत ती इतक्या शुद्ध स्वरूपात दिसते की, प्रश्नाची मांडणी तेथूनच करणे सोयीचे ठरते.

या मंडळींच्या काटेकोरपणाचे मूळ त्यांच्या कामात आहे, आणि ते मूळ प्रामाणिक आहे. आज्ञावलीत एखादा स्वल्पविराम सुटला तर संपूर्ण रचना ठप्प होऊ शकते. यंत्राला हेतू कळत नाही; त्याला केवळ चिन्हे कळतात. अशा कार्यशाळेत वाढलेल्या मनाला बारीकशी चूकही दिसताक्षणी टोचावी, हे स्वाभाविकच नव्हे तर इष्टही आहे. अडचण निर्माण होते ती हीच सवय माणसामाणसांतील बोलण्यात उतरते तेव्हा. माणूस अपुऱ्या शब्दांतूनही पुरा आशय ग्रहण करू शकतो. जो हा आशय ग्रहण करूनही तो कळलाच नाही असे दाखवतो आणि केवळ शब्दांची छाननी करतो, तो यंत्राची मर्यादा स्वेच्छेने, सोयीपुरती पत्करत असतो. यंत्राचे न कळणे निरपराध असते. याचे न कळणे पत्करलेले असते. नैतिक प्रश्न उद्भवतो तो या फरकातून.

भारतीय परंपरेने हा फरक फार पूर्वी ओळखला होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. वाद हा तत्त्वनिर्णयासाठी, जल्प हा विजयासाठी, आणि वितंडा म्हणजे स्वतःचा पक्षच न मांडता केवळ प्रतिपक्षाचे खंडन. त्यालगतच छलाचे विवेचन येते. वात्स्यायनाने भाष्यात दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. एका मुलाला उद्देशून कोणी 'नवकंबल' म्हणतो. नवे घोंगडे असलेला, हा त्याचा आशय. प्रतिपक्षी 'नव' या शब्दाचा दुसरा अर्थ पकडून विचारतो, याच्याजवळ नऊ घोंगडी कोठे आहेत? घोंगडे एकच आहे, हे त्याचे म्हणणे खरेच आहे. तरीही न्यायशास्त्र त्याला छल म्हणते. कारण जे बोललेच गेले नव्हते त्याचे हे खंडन आहे. लाक्षणिक प्रयोग शब्दशः घेऊन दोष काढणे हाही छलाचाच एक प्रकार मानला आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट निग्रहस्थानांच्या यादीत आहे. वादात पराभव ठरवणारी ही स्थाने बावीस. त्यांपैकी दोन परस्परांचे प्रतिबिंब वाटावीत अशी आहेत. पर्यनुयोज्योपेक्षण म्हणजे जेथे दोष दाखवणे अवश्य होते तेथे गप्प राहणे; आणि निरनुयोज्यानुयोग म्हणजे जेथे दोष नव्हता तेथे तो लादणे. दोन्ही पराभवच. म्हणजे मौन पाळून सभ्य राहण्याची सोय या शास्त्राने ठेवलेली नाही, आणि दोषदर्शनाला आपोआप मिळणारी प्रतिष्ठाही. प्रत्येक दुरुस्तीने आपले प्रयोजन सिद्ध केले पाहिजे, असा याचा व्यापक अर्थ लावता येतो.

हा निकष मराठीच्या संगणकीय व्यवहारातील एका जुन्या वादाला लावून पाहावा. 'युनिकोड फॉन्ट' हा शब्दप्रयोग कानी पडताच जाणकार तत्काळ सांगतो की, युनिकोड हा फॉन्ट नव्हे. ती संकेतप्रणाली आहे. प्रत्येक वर्णाला क्रमांक देणे हे तिचे काम, त्या वर्णाला आकार देणे हे फॉन्टचे. हे निर्विवाद सत्य आहे. परंतु मूळ घोटाळ्यामागेही एक अनुभव आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. त्यानंतरही बरीच वर्षे मराठीचा पुष्कळसा संगणकीय मजकूर अशा फॉन्टांत तयार होत असे की, ज्यांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. तो विशिष्ट फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसे. फॉन्ट आहे तर मराठी आहे, हे समीकरण ज्याने वर्षानुवर्षे जगले त्याच्या तोंडी 'युनिकोड फॉन्ट' येणे हे अज्ञानापेक्षा त्या अनुभवाचे चिन्ह आहे.

आता रेवदंड्यातील एखाद्या शिक्षकाने विचारले असे समजू: शाळेच्या सूचनाफलकासाठी कोणता युनिकोड फॉन्ट चांगला दिसेल? आशय स्वच्छ आहे. येथे संकेतप्रणालीवर व्याख्यान देणे हा वाक्छल होय. उत्तर एका फॉन्टचे नाव एवढेच. परंतु तोच शिक्षक जुन्या पद्धतीने टंकलिखित केलेली शाळेची सारी कागदपत्रे केवळ फॉन्ट बदलून युनिकोडमध्ये आणू पाहत असेल, तर हीच दुरुस्ती अत्यावश्यक होते; कारण फॉन्ट बदलल्याने मजकूर रूपांतरित होत नाही, तो वाचता येईनासा होतो. तेथे सौजन्यापोटी गप्प राहणे हे पर्यनुयोज्योपेक्षण. शब्द तेच, सत्यही तेच. एका प्रसंगी ते छल ठरते आणि दुसऱ्या प्रसंगी कर्तव्य. भेद आहे तो, न सुधारलेली चूक विचारणाऱ्याला कोठे नेणार, याचा.

सूक्ष्मता म्हणजेच क्षुद्रता, असा निष्कर्षही यातून काढता येणार नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' या शब्दांत एका रकाराच्या रूपाचा भेद. अर्थाच्या दृष्टीने मात्र एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे डोंगरांमधील खोल वाटा. मराठीचा हा खास आडवा रकार युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्तायुक्त र आणि हलन्त चिन्ह यांनी, किंवा साधा र, हलन्त चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसू शकतात. यंत्राच्या लेखी ती दोन निराळी अक्षरमालिका असतात. परिणामी, या दोहोंचा मेळ घालण्याची सोय केलेली नसेल तर एका रीतीने शोधलेला शब्द दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ग्रंथसूचीत सापडत नाही. जे डोळ्यांना दिसतही नाही त्यासाठी भांडणारा मनुष्य हास्यास्पद वाटतो. पण त्याचे भांडण हरले तर पुढील काळातील अभ्यासकाला पुस्तक असूनही ते नाही असेच वाटेल. पंडिताची थट्टा करणाऱ्यांनी हे विसरता कामा नये.

यंत्राच्या क्षेत्राबाहेर हा विवेक कितपत टिकतो, हे पाहण्यास रेवदंड्याचा परिसर उपयुक्त आहे. पोर्तुगीज कागदपत्रांतील 'चौल' हे ठाणे आजच्या नकाशावर रेवदंडा येथे येते; चौल हे गाव त्यालगत वेगळे आहे. 'चौलचा पोर्तुगीज कोट' असे लिहिणाऱ्याला 'चौल नव्हे, रेवदंडा' असे सुधारणारा वर्तमान भूगोलाच्या दृष्टीने बरोबर आणि साधनांच्या भाषेच्या दृष्टीने चूक असतो. याच किनाऱ्यावर उत्तरेस आक्षी येथील शिलालेखाचा काल शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. इतर अभ्यासकांनी आकडे निराळे वाचून तो सुमारे दोन शतके अलीकडचा ठरवला. झिजलेल्या दगडावरील काही रेघांचा हा वाद मराठीच्या आद्य शिलालेखाचा मान कोणाला, या प्रश्नाशी जाऊन भिडतो. येथे बारकाव्यावाचून गत्यंतर नाही. आणि येथे दुरुस्ती करणारा पर्यायी वाचनाची जबाबदारीही घेतो. तो वितंडा करत नाही. स्वतःचा पक्ष मांडतो आणि तो खोडला जाण्याचा धोका पत्करतो.

तिसरे उदाहरण कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोरच्या कोर्लई गावाचे. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हा प्रदेश मराठ्यांच्या स्वाधीन केला. तथापि कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजोद्भव बोली टिकून राहिली. बोलणारे हजाराच्या आसपास. तिला ते 'नौ लिंग', आपली भाषा, म्हणतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिच्या घडणीचा सविस्तर अभ्यास केला आहे. मराठीच्या दीर्घ सहवासाने या बोलीत क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसले. लिस्बनच्या व्याकरणाची फूटपट्टी लावली तर तिचे जवळजवळ प्रत्येक वाक्य अशुद्ध ठरेल, आणि त्या फूटपट्टीपुरते हे निदान अचूकही असेल. परंतु कोर्लईचा बोलणारा पोर्तुगीज भाषा चुकीची बोलत नाही. तो आपली भाषा तिच्या नियमांनी बरोबर बोलतो. येथील दुरुस्ती हा निरनुयोज्यानुयोगाचा ठळक नमुना होय: दोष नसताना दोषारोप, आणि तोही दुसऱ्याच्या नियमाला सार्वत्रिक मानून. या चुकीची किंमत बोलीला मोजावी लागते. वारंवार सुधारला गेलेला मनुष्य सहसा सुधारत नाही. तो बोलणे थांबवतो. भाषा लहान असेल तर अशा थोड्या माणसांचे मौनही तिच्या अस्तित्वाला धक्का देऊ शकते.

तंत्रज्ञानाच्या चर्चेत नवख्याचे असेच होते. त्याने विचारलेला प्रश्न बाजूस राहतो, त्याने वापरलेल्या संज्ञेवर तिघे जाणकार आपसांत वाद घालतात आणि त्यांतील प्रत्येक जण अखेरीस बरोबर ठरतो. अनुत्तरित राहतो तो मूळ प्रश्न. या वादातून ज्ञानाची भर पडत नाही असे नाही. पण ती ज्याच्या निमित्ताने पडली त्याला वगळून पडते. शुद्धलेखनाच्या मराठी वादांशी परिचित असलेल्या वाचकाला या दृश्यात नवीन काही वाटणार नाही. तेथेही नियम अवगत असणे ही कैकदा ज्ञानापेक्षा प्रवेशाची खूण झाली आहे.

दुरुस्तीचा निराळा आदर्श मराठी परंपरेत उपलब्ध आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठभेदांनी आणि प्रक्षेपांनी मलिन झाली होती म्हणून. त्यांनी या ग्रंथात कोणी स्वतःची ओवी घालू नये असा निर्बंधही सांगितला. स्वतः समर्थ कवी असलेल्या पुरुषाने हे करावे, याचे मोल मोठे आहे. या दुरुस्तीत बारकावा आहे, श्रम आहेत, कठोरपणाही आहे; पण ते सर्व ग्रंथ पुन्हा वाचता यावा यासाठी आहे. संशोधकाने स्वतःला ग्रंथाबाहेर ठेवले आहे.

चूक दाखवावी की नाही, याचे सरसकट उत्तर यातून मिळत नाही, आणि तसे ते मिळणे शक्यही नाही. मात्र दुरुस्तीकाराने स्वतःला विचारावयाचे प्रश्न निश्चित करता येतात. चूक तशीच राहिली तर कोणाचे काय अडेल? ज्या नियमाने ती चूक ठरते तो नियम बोलणाऱ्याने स्वीकारलेला आहे काय? आणि दुरुस्तीनंतर मूळ संवाद पुढे जाऊ शकेल काय? साहित्यसमीक्षेला हे प्रश्न परके नाहीत. परीक्षणात मुद्रणदोषांची यादी देऊन ग्रंथाच्या प्रतिपादनाविषयी मौन बाळगणारा समीक्षक एकाच वेळी दोन्ही निग्रहस्थानांत सापडत असतो, आणि त्याची यादी बिनचूक असल्याने त्यात काहीच फरक पडत नाही.