शकटकर्म

श्रावकाने कोणत्या व्यवसायांवर उपजीविका करू नये याची जी पंधरा कर्मादानांची यादी जैन आचारशास्त्राने घालून दिली, तीत कोळसे पाडणे आणि रानतोड यांच्या जोडीला शकटकर्म, म्हणजे गाड्या घडवून विकणे, आणि भाटककर्म, म्हणजे गाड्या-जनावरे भाड्याने देणे, यांचाही समावेश आहे. आणि अहिंसाव्रताचे अतिचार, म्हणजे त्या व्रताला लागणारे दोष, सांगताना तत्त्वार्थसूत्रकार उमास्वातींनी मारणे-बांधणे यांच्याच पंक्तीला अतिभारारोपणही, म्हणजे बेताबाहेर ओझे लादणेही, बसविले आहे. आकुर्डीच्या कारखान्यांवरून जाताना ही यादी मला हटकून आठवते, कारण या मुलखात तीनचाकीचा उद्योग रुजविणारे नवलमल फिरोदिया हे अहमदनगरच्या जैन घराण्यातले, स्वातंत्र्यचळवळीतून आलेले गृहस्थ होते.

माणसाने माणसाला ओढावे हे त्यांना सलत होते; युद्धात ज्याच्या विमान-कारखान्यावर बॉम्ब पडले त्या इटलीतल्या पियाज्जिओने १९४८ साली काढलेली मालवाहू तीनचाकी पाहून ऑटोरिक्षेची कल्पना त्यांनी उचलून धरली. पुढे १९५८ साली हांबुर्गच्या टेम्पो कारखान्याशी करार होऊन बजाज टेम्पो उभी राहिली आणि प्रथम गोरेगावला, नंतर आकुर्डीला, हॅन्सिएट गाडी तयार होऊ लागली. हिचे इंजिन पुढच्या एकुलत्या चाकाशी, आणि ओढणारे चाकही तेच. म्हणजे बैलाची जागा रिकामी न ठेवता तेथे यंत्र जुंपलेले! ‘टेम्पो’ हे तर आता आपल्याकडे सामान्यनामच झाले आहे.

मग हे शकटकर्म म्हणावे काय? शास्त्राचा निषेध गाडीला आहे की जुवाखालच्या मानेला? कर्मठ म्हणेल की अग्नीही सजीवच, तेजस्काय. म्हणूनच मुनी वाहनात पाऊल न ठेवता याच मुंबई-पुणे रस्त्याने अनवाणी विहार करतात. त्यांच्यापुरते ते यथार्थ आहे. परंतु गृहस्थाला ज्या अर्थी महाव्रत न देता अणुव्रत दिले, त्या अर्थी त्याचा हिशेब तारतम्याचाच असणार, आणि पंचेंद्रिय बैलाच्या वा रिक्षा ओढणाऱ्याच्या छातीवरचा भार एकेंद्रिय अग्नीवर उतरविणे हे माझ्या मते पापाचे स्थलांतर नसून पापाची घट आहे. (हा युक्तिवाद फिरोदियांच्या तोंडी घालण्याचा माझा इरादा नाही, शंका माझी, समाधानही माझेच.)

तथापि चाकणच्या बाजारात हे समाधान जरा डळमळते. कांद्याच्या गोण्यांनी हौदा भरत आलेला, पाटे दबून सपाट झालेले, आणि टेम्पोवाला म्हणतो, “आणखी दोन बसतील, काका.” काका म्हणजे साठीकडे झुकलेला हमाल. लोखंडाला अतिभाराची वेदना नाही, हे मान्य. पण जमिनीपासून हौद्यापर्यंतचे ते चार हात अंतर यंत्राने अजून अंगावर घेतलेले नाही. काकांनी डोक्यावरचे पोते सारखे केले, आकडा गोणीत रुतविला, आणि वाकलेल्या पाठीने ते फळीवर चढले.