रेषेबाहेरचा कर्ता

१४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारत सिंगापूरकडून २-१ असा हरला आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. दुसऱ्या दिवशी पारशिवनीत चहाच्या टपरीवर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं गाठलं. "सर, तो आपला कोच खालिद जमील एवढा अल्लावाला माणूस. तरी अल्लानं त्याले हरवलंच ना जी? मंग फायदा काय झाला?"

प्रश्न फुटबॉलचा नव्हता. हाच प्रश्न आमच्याकडे बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्लेल्या माळकऱ्याला विचारतात, घोगरा महादेवाला दर शिवरात्रीला जाणाऱ्या बाईचा नवरा गेला की विचारतात, वाकीच्या दर्ग्यावर चादर चढवून आलेल्याचा पोरगा नापास झाला की विचारतात. इतकं केलं, मिळालं काय? कीर्तनात याचं उत्तर ठरलेलं असतं: कर्म कर, फळाची आशा धरू नको. या उत्तरावर माझं कधी समाधान झालं नाही. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, गळ्यात शिट्टी अडकवून आयुष्य मैदानाच्या रेषेबाहेर काढलं. फळाची आशा न धरणारा प्रशिक्षक मला तरी दिसलेला नाही. तसा कुणी असलाच, तर त्याच्या हाती पोरं देऊ नयेत असं माझं मत आहे.

पारशिवनी कबड्डीचं गाव. पण माझं बालपण कन्हानचं, आणि कन्हानचा पूल ओलांडला की कामठी. कामठीत इंग्रजांनी छावणी वसवली १८२१ मध्ये. ताजुद्दीन बाबा तिथलेच, जन्म १८६१ चा, तेही आधी पलटणीतले शिपाई. त्या कामठीत फुटबॉल हवेतच आहे. नागपूरच्या लीगमध्ये रब्बानी क्लबचं नाव निघालं की आम्ही नदीअलीकडची पोरंही कॉलर ताठ करायचो. त्यामुळे खालिद जमीलची गोष्ट मी लांबून का होईना, बारकाईनं पाहत आलो.

जन्म कुवेतचा, १९७७ चा, पण कारकीर्द घडली मुंबईत. मधल्या फळीतला खेळाडू. आधी महिंद्रा युनायटेड, मग एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा, शेवटी मुंबई एफसी. भारताची जर्सीही अंगावर आली. त्या काळी ज्याला खेळून नाव कमवायचं तो कोलकात्याला जाई. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान म्हणजे फुटबॉलची पंढरी. दोन्हींकडून खालिदला बोलावणं आलं आणि दोन्हींना त्यानं नकार दिला, कारण दोन्ही क्लबांचे प्रायोजक मद्य कंपन्या होत्या. छातीवर दारूचं नाव घेऊन धावायचं नाही, एवढाच मुद्दा.

पुढे प्रशिक्षक म्हणून तो याच दोन्ही क्लबांत गेला, मग तेव्हा कसं चाललं, असं कुणी विचारील. विचारणं रास्त आहे. दुसऱ्याच्या हलाल-हरामचा जमाखर्च ठेवणं मात्र माझं काम नाही. मला दिसतं ते इतकंच की ऐन उमेदीच्या वयात एका माणसानं सगळ्यात मोठं दार स्वतः लावून घेतलं. त्या नकाराला टाळ्या नव्हत्या आणि त्याचा निकाल कुठल्या फलकावरही लागला नाही.

दुखापतींनी खेळ थांबवला. २००९ मध्ये मुंबई एफसीनं त्यालाच प्रशिक्षक केलं. तिथं सात वर्षं पैसा कमी, खेळाडू साधे, आणि दर हंगामात खालच्या श्रेणीत न घसरणं हेच यश. मग तो मिझोरामच्या ऐझॉलला गेला. हा क्लब आदल्या हंगामात आय-लीगमधून खाली उतरला होता. गोव्याचे क्लब स्पर्धेतून बाहेर पडले, जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत घेतलं गेलं. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ बरोबरी झाली आणि मोहन बागानला एका गुणानं मागे टाकून ऐझॉल विजेता ठरला. ईशान्येतला कुठलाही क्लब त्याआधी देशाचा विजेता झाला नव्हता.

आता कुठलाही कीर्तनकार इथं पखवाजावर थाप मागेल. बघा, ज्यानं धर्मासाठी मोहन बागान सोडलं, त्याला देवानं मोहन बागानच्याच हातून चषक काढून दिला! गोष्ट सुरेख जुळते. पण ती जुळवली की फातोर्डाही जुळवावं लागतं. १ ऑगस्ट २०२५ ला त्याची राष्ट्रीय संघावर नेमणूक झाली. महिन्याभरात मध्य आशियातल्या स्पर्धेत भारतानं ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवलं आणि ८ सप्टेंबरला ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा क्रमांक घेतला. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरकडून हार, १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून १-० अशी हार. माणूस तोच, श्रद्धा तीच. ऐझॉल बक्षीस असेल तर ढाका शिक्षा ठरते. मग सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात या माणसानं कोणतं पाप केलं, तेही सांगावं लागेल. शिवाय त्याचे पहिले चारही प्रतिस्पर्धी, म्हणजे ताजिकिस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि ओमान, मुस्लिमबहुल देश. प्रार्थना मोजून निकाल लागत असते तर अल्लाला रोज बरोबरीच द्यावी लागली असती.

हे खालिदपुरतं नाही. त्याच्या आधीचा शेवटचा भारतीय मुख्य प्रशिक्षक गोव्याचा साव्हियो मेडेरा, तोही आधी भारताकडून खेळलेला. डिसेंबर २०११ मध्ये त्याच्या संघानं दिल्लीत अफगाणिस्तानला ४-० हरवून सॅफ स्पर्धा जिंकली. मार्च २०१२ मध्ये काठमांडूत तिन्ही सामने हरला, एकही गोल नाही. तीन महिन्यांत माणसाचं पुण्य इतकं आटत नाही.

म्हणजे निकाल हा श्रद्धेचा पुरावा नव्हे. इथवर बरेच लोक येतात आणि मग निष्काम कर्माचं वचन म्हणून घरी जातात. मला गीतेतली दुसरी जागा जास्त उपयोगी वाटते. अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवं दैव. लगेच पुढे म्हटलंय की हे पाच असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. आमच्या तालुक्यातल्या संत्रा बागाईतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. जमीन आणि जंबेरीवर बांधलेलं कलम हे अधिष्ठान, कर्ता तो स्वतः, विहीर आणि फवारणीचा पंप ही करणं. बाग ताणावर सोडणं, मग पाणी देणं, छाटणी या चेष्टा. एवढं सगळं करून मृग बहार धरतो की नाही ते पावसावर. संत्री लागली तर "बाग मी फुलवली" म्हणणारा शेतकरी गावात शहाणा गणला जात नाही, आणि फळगळ झाली म्हणून ताण न देणाराही नाही.

ऐझॉलच्या विजयाला हे पाच लावून पाहा. गोव्याच्या क्लबांनी सोडलेली जागा हे दैव, मिझोरामची फुटबॉलवेडी माती हे अधिष्ठान, पोरांचे पाय हे करण. खालिद पाचातला एक. फातोर्डाच्या हारेतही तो पाचातला एकच. हे वाचून प्रशिक्षकाला हायसं वाटायला हवं. पण माझी खरी अडचण इथूनच सुरू होते.

कारण फुटबॉलचा नियम गीतेइतका उदार नाही. बाकापुढे आखलेल्या चौकोनात प्रशिक्षकानं राहायचं, पंचांनी बोलावल्याशिवाय मैदानात पाऊल नाही. चेंडूला पाय लावण्याचा हक्क नाही, तरी २०१९ पासून पिवळं-लाल कार्ड त्यालाही मिळतं. आणि त्यात एक कलम असं आहे की बाकावरून कुणी आगळीक केली आणि नेमकं कोण ते पंचाला ओळखता आलं नाही, तर कार्ड तिथल्या सर्वांत वरच्या प्रशिक्षकाला. करणारा सापडत नसेल तर भोगणारा मात्र आधीच ठरलेला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा मला अन्याय वाटला. आज वाटतं की नियम करणाऱ्यांना माणसांच्या समाजातलं एक मर्म नकळत सापडलंय.

कर्म कोणामुळे घडलं, हा एक प्रश्न. घडल्यावर पुढे कोण उभा राहणार, हा दुसरा. पाच कारणांचा हिशेब पहिल्याचं उत्तर देतो, दुसऱ्याचं देत नाही. आपण दोन्ही एक समजतो आणि सगळा घोटाळा होतो. हरलेल्या सामन्यानंतर चुकीचा पास देणारा वीस वर्षांचा पोरगा आणि चिडलेली गर्दी यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं. दोष गणितानं त्याच्या वाट्याला एक पंचमांशच येत असेल, पण उभं राहणं एक पंचमांश करता येत नाही. ते पूर्ण करावं लागतं, नाहीतर होतच नाही.

"पोरं जिंकली, हरलो मी" असं प्रशिक्षक म्हणतात त्याला लोक सभ्यता समजतात. माझ्या मते प्रशिक्षकाचा धर्मच तो. सभ्यता निकालानंतर सुचते. हे वाक्य ज्यानं नेमणूक स्वीकारतानाच मनात धरलंय, त्याचे निर्णय वेगळे होतात. तो दुखावलेल्या पोराला शेवटच्या दहा मिनिटांसाठी मैदानात ढकलत नाही. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धांत मी याच्या उलट वागणारेही पाहिलेत. पोराच्या गुडघ्यावर चषक जिंकायचा आणि पुढच्या वर्षी दुसरा गुडघा शोधायचा.

इथं मला तीन परंपरा एका जागी येताना दिसतात, आणि आमच्या जिल्ह्यात तिन्ही नांदतात. दीक्षाभूमीला जाणारा माझा शेजारी सांगतो की बुद्धांनी कर्म म्हटलं ते चेतनेला, म्हणजे हेतूला. हात हलण्याआधी मनानं जे ठरवलं त्याला. मुसलमान मित्र नियत म्हणतो आणि पैगंबरांची उंटाची गोष्ट सांगतो: उंट आधी बांध, मग अल्लावर सोपव. नुसतं सोपवणं हा तवक्कुल नव्हे, तो आळस. गीतेत कर्ता आहे आणि चेष्टाही आहेत, त्या दैवाच्या आधी मोजल्या आहेत. तिघांनीही फळाला तुच्छ म्हटलेलं नाही. माणसाचा खरा ताबा कुठे आहे, ते दाखवलंय. आणि तो ताबा निकालाच्या बराच अलीकडे संपतो.

१९६२ मध्ये जकार्ताला हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम भारतीय संघ घेऊन गेले होते. पेशानं शिक्षक, म्हणून मला ते आमच्या जातीचे वाटतात. प्रेक्षक भारताविरुद्ध खवळलेले, रहीमसाहेबांना फुफ्फुसाचा कर्करोग. ४ सप्टेंबरला भारतानं दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्णपदक घेतलं. ११ जून १९६३ ला रहीमसाहेब गेले. फळ आलं, पण त्याची गोडी चाखायला वर्षही मिळालं नाही. या माणसाला "मिळालं काय" हा प्रश्न लावून पाहा, आणि बघा प्रश्नच कसा खुजा होतो.

माझ्यापुरतं मी असं ठरवलंय. माणसाची श्रद्धा तपासायची तर दोन ठिकाणी तपासावी. एक, मिळण्याजोगं असताना त्यानं काय नाकारलं. दोन, हरल्यावर त्यानं बोट कुणाकडे केलं. चषक आणि पराभव यांच्या मधल्या गोष्टी दैवाच्या, मातीच्या, पोरांच्या पायांच्या. त्या वाटून घ्यायला खूप जण असतात. नकार आणि जबाबदारी या दोनच गोष्टी वाटता येत नाहीत. खालिद जमील उद्या राष्ट्रीय संघावर राहील किंवा जाईल, ते महासंघ ठरवील आणि निकाल ठरवतील. विशीत लावून घेतलेलं ते दार मात्र कुठल्याही निकालानं उघडत नाही की मोडत नाही, आणि देवाधर्माचा जो काही फायदा असेल, तो मला तरी तेवढाच आणि तिथंच दिसतो.