ठावठिकाणा आणि भरवसा

दूरच्या वस्तूचा ठावठिकाणा कळला म्हणजे वाट पाहणाऱ्याचे मन निश्चिंत होते का, हा ज्ञान आणि श्रद्धा यांच्या नात्याचा प्रश्न आहे. ऑगस्ट 2025 मध्ये भारतात बनलेल्या ई-विटारा या विजेवरच्या गाड्या गुजरातच्या पिपावाव बंदरातून जहाजाने युरोपला निघाल्या. अशा जहाजाचा प्रवास ग्राहकाला घरबसल्या नकाशावर पाहता येतो. जहाजावरची ‘एआयएस’ यंत्रणा स्थान, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत कळवते; भरसमुद्रात ते संदेश उपग्रह टिपतात. पोहोचण्याची अपेक्षित वेळ मात्र जहाजावरचे कर्मचारी हाताने भरतात. म्हणजे स्थान ही मोजलेली गोष्ट, तर आगमन हा अंदाज. जून 2025 मध्ये ‘मॉर्निंग मिडास’ हे मोटारवाहू जहाज आगीनंतर उत्तर पॅसिफिकमध्ये बुडाले. सर्व 22 कर्मचारी वाचले, पण तीन हजारांच्या आसपास गाड्या गेल्या. ठिकाण माहीत असूनही त्या वाचवता आल्या नाहीत.

नळदुर्ग आणि अणदूर येथील खंडोबाची परंपरा याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. मंदिरे दोन, मूर्ती एकच. देव वर्षाचा बहुतेक काळ अणदूरला असतो आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी नळदुर्गला येतो. भाविकांचा भरवसा दोन गावांनी पाळलेल्या शब्दावर उभा आहे.

गीतेचा दुसरा अध्याय कर्माचा अधिकार आणि फळावरची आसक्ती वेगळी करतो. माहितीमुळे पुढची तयारी नीट होते, म्हणून ती मोलाची आहे. पण फळ तिच्या हाती नसते. मनाची शांती आसक्ती सोडल्यानेच येते.