हलवायाचं घर आणि तुळशीपत्र

दुसऱ्याचे पैसे अडकवून केलेलं दान, दान असतं का?

प्रश्न पुस्तकी वाटेल, पण आमच्या मुक्ताईनगर-रावेर पट्ट्यात तो रोजचा आहे. लागवडीपासून कापणीपर्यंत केळीला जवळपास वर्ष जातं. तोवर कृषी केंद्रवाला खत उधार देतो. उधारीत वाईट काही नाही, तिच्याशिवाय इथली शेती उभी राहणार नाही. मात्र ती तो माणूस ओळखून, स्वतःच्या मर्जीने देतो.

मोठी कंपनी छोट्या पुरवठादाराकडून घेते ती उधारी वेगळी. माझा मित्र जळगाव एमआयडीसीत प्लास्टिकचे सुटे भाग बनवतो. समजा, त्याचं १० लाखांचं बिल ४५ ऐवजी १२० दिवसांनी निघालं. वरच्या ७५ दिवसांचं १२ टक्क्यांनी व्याज होतं सुमारे २४,६५० रुपये. ते बँकेत भरणार तो, आणि बिनव्याजी पैसा वापरणार कंपनी. मी बिलांची सॉफ्टवेअर लिहितो. किती दिवसांनी पैसे द्यायचे, हा रकाना बहुतेक वेळा खरेदीदारच भरतो.

कायदा आहे. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळेल का, हे कायद्यात लिहिलेलं नाही.

आता सीएसआर. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्चायला लावतं. शाळा बांधली की फोटो छापून येतो. तो पाहून पुरवठादाराला वाटतं, एवढी भली कंपनी आपले पैसे बुडवणार नाही, आणि तो आणखी महिनाभर थांबतो. चांगुलपणाच तारण होतो.

कोणी म्हणेल, त्या शाळेतल्या मुलीला मिळालेलं स्वच्छतागृह तर खरं आहे ना? आहेच. ते काढून घ्या, असं मी म्हणत नाही. नफा म्हणजे हातातली रोकड नव्हे, हेही मान्य. पण शाळेसाठी रोकड निघते आणि बिलासाठी निघत नाही, तेव्हा अडचण पैशाची नसते. दान देणाऱ्याला मान मिळतो, देणं फेडणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही. यालाच आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतात.

लघुउद्योगांची ४५ दिवसांवर थकलेली देणी कंपन्यांना दर सहा महिन्यांनी सरकारला कळवावीच लागतात. तोच आकडा सीएसआरच्या फोटोखाली छापा. मग दान किती आणि तुळशीपत्र किती, हे वाचणारा ठरवेल.