नाव ठेवताना

परवा आमच्या घरी नातीचे बारसे झाले. नाव काय ठेवायचे यावर बारा दिवस खल चालला होता. मुलाने आणि सुनेने मोबाइल चाळून लांबलचक यादी केली होती. नाव दोन अक्षरी हवे, नात्यागोत्यात कुणाचे नसलेले हवे आणि त्याला चांगला अर्थ हवा! अखेर आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. मी मात्र कोपऱ्यात बसून विचार करीत राहिलो, की नावाचा अर्थ म्हणजे नेमके काय?

प्रश्न जुनाच आहे. यास्काच्या निरुक्तात शाकटायनाचे मत दिले आहे, की सगळी नामे क्रियांपासून निघाली. गार्ग्याला ते मान्य नाही. वाट आक्रमितो म्हणून घोडा ‘अश्व’, तर मग वाट आक्रमिणाऱ्या प्रत्येकालाच अश्व का म्हणू नये, अशी या पक्षाची शंका.

पंडितांच्या वादात आपण पडू नये. पण माणसाच्या नावाला त्याची कृती मागाहून चिकटते, एवढे खरे. ‘शकुनी’ म्हणजे मुळात पक्षी. पण ते नाव ऐकून कुणाला पाखरू आठवते? उलट ‘धोंडो’ पाहा. शब्द दगडाचा, पण धोंडो केशव कर्वे म्हटले, की 1916 साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणारे महर्षीच डोळ्यांपुढे येतात. दगड कुणाच्या ध्यानातही येत नाही.

तर मग कोणतेही नाव ठेवले तरी चालेल, असे म्हणावे काय? माझ्याने तसे म्हणवत नाही. कारण मला नकुसा आठवते.

माझ्या लहानपणी ती आमच्याकडे धुणेभांडी करायला येई. चार बहिणींच्या पाठीवरची ही पाचवी. ‘नकोशी’ असे नाव ठेवले म्हणजे पुढचा मुलगा होतो, ही समजूत. धोंडू, दगडू, केरबा ही नावेही ओबडधोबडच. पण आधीची मुले गेलेल्या आईबापांनी ती ठेवली, ती या लेकरावर कुणाची दृष्ट पडू नये, ते जगावे म्हणून. त्या खडबडीत सालीच्या आत माया असे. नकुसाच्या नावात साल तेवढी होती.

एकदा आई तिला म्हणाली, “तुला आपण दुसऱ्या नावानं हाक मारू या का गं?”

ती हसली. “दुसऱ्या नावानं मारली तर मला वळायचं सुदरायचं न्हाई, वैनी. हेच असू द्या. हाक तेवढी बरी मारा.”

सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. ते वाचताना मला नकुसाची आठवण झाली. फार चांगले झाले, असे वाटले. आणि पाठोपाठ असेही वाटले, की वहीतले नाव एका दिवसात बदलते, पण घरातली हाकही त्या दिवशी बदलली असेल का?

आपल्या भाषेत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचे अंतर आहे. नकुसाच्या बारशाला ही दोन्ही कामे एकदमच उरकली गेली. मूल मोठे होऊन आपल्या नावात अर्थ भरील, हे खरे. पण मुळात नावच जर ‘तू नको’ म्हणत असेल, तर आयुष्याची पहिली कितीतरी वर्षे त्याला ते खोडून काढण्यातच घालवावी लागतात. हे ओझे लेकराच्या डोक्यावर ठेवण्याचा अधिकार आईबापांना कुणी दिला?

पाहुणे गेल्यावर मी पाळण्याशी गेलो आणि नव्या नावाने नातीला हाक मारली. तिने डोळे उघडले. अर्थ तिला कुठला कळायला? आवाज तेवढा पोचला असावा. म्हणून पुन्हा एकदा, जरा हळू, हाक मारली.