नवशिक्यासाठी दिलेले ठिपके

अरबी शिकायला बसलेल्या मराठी माणसासमोर पहिल्याच दिवशी अक्षरांचा तक्ता येतो. उजवीकडून डावीकडे मांडलेली 28 अक्षरे आणि सोयीसाठी प्रत्येकाखाली देवनागरीत उच्चार. ही सोय नवशिक्याचे सर्वांत मोठे नुकसान करते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या ओळीत 'त' दोनदा येतो, 'ह' दोनदा, 'स' तीनदा आणि 'ज' तर पाचदा. मूळ तक्त्यात मात्र यांतला एकही ध्वनी दुसऱ्यासारखा नाही.

आपण बोलतो तसे लिहितो, हा देवनागरीचा लौकिक खराच आहे, पण तो आपल्या बोलण्यापुरता. इज्जत, लज्जत, मर्जी, नजर हे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि घरचे झाले. या चारही शब्दांतला 'ज' अरबीत चार निराळ्या अक्षरांनी लिहितात. इज्जतमधला साधा, दातांमागून घासत येणारा. लज्जतमधल्यासाठी जिभेचे टोक वरच्या-खालच्या दातांच्या फटीत आणावे लागते. मर्जी आणि नजर यांतल्या अक्षरांसाठी जिभेचा मागचा भाग उचलून आवाज जड करायचा, आणि तीही दोन अक्षरे वेगळीच. फारसी बोलणाऱ्यांनी हे चारही ध्वनी एकात मिसळून टाकले होते, त्यामुळे आपल्यापर्यंत ते मिसळलेलेच पोचले. तेव्हा अरबीचे कितीतरी शब्द आपल्याला आधीच येतात हे समाधान खरे असले, तरी उच्चार शिकताना ते बाजूला ठेवावे लागते.

काही बाबतींत मराठी जीभ भाग्यवान आहे. अरबी 'ता' आणि 'दाल' आपल्या त-दइतकेच दंत्य आहेत. 'पक्का', 'गल्ली' म्हणणाऱ्याला द्वित्त वेगळे शिकवावे लागत नाही. 'अल्' हा उपसर्ग पुढच्या अक्षरात मिसळतो, याचेही आपल्याला नवल वाटू नये. चंद्र 'अल्-कमर', पण सूर्य 'अश्-शम्स'. जिभेच्या पुढच्या भागाने उच्चारली जाणारी 14 अक्षरे 'ल्'ला स्वतःसारखे करून घेतात, उरलेली 14 त्याला तसाच राहू देतात. 'तत् + लीन = तल्लीन' शाळेत शिकलेल्याला यामागचे कारण लगेच उमगते.

खरी परीक्षा घशात आहे. मराठी 'ह' घोष आहे, तो उच्चारताना स्वरतंतू कंप पावतात. अरबीतले दोन्ही 'ह' अघोष. त्यांतला एक नुसता श्वास. दुसऱ्यासाठी घसा आतून आवळावा लागतो. चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तिच्यावर वाफ सोडतो, तेव्हा घसा त्याच्या जवळ जातो. त्याच जागी आवाज मिसळला की 'ऐन' हे अक्षर होते. त्याला देवनागरीत 'अ' लिहिले की सगळे संपले, कारण ऐनने सुरू होणाऱ्या 'अलीम'चा अर्थ सर्वज्ञ, आणि अलिफने सुरू होणाऱ्या 'अलीम'चा अर्थ वेदनादायक. अंजीर आणि चिखल यांचे अरबी शब्दही देवनागरीत सारखेच दिसतात, दोन्ही 'तीन'. पहिल्यातला 'त' आपला आहे. दुसऱ्यातला जड आहे, आणि तो ओळखायचा तर कान व्यंजनापेक्षा शेजारच्या स्वराकडे द्यावा, कारण जड व्यंजन स्वरालाही गडद करते. ही एक युक्ती नवशिक्याला जितकी उपयोगी पडते तितके पानभर नियम पडत नाहीत.

हे सगळे अरबांना उपजत येते आणि परक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे वाटणाऱ्यांनी या लिपीचा इतिहास पाहावा. कुराणाच्या सुरुवातीच्या हस्तलिखितांत अक्षरांवर ठिपके अगदी विरळ असत आणि स्वरचिन्हे नसत. शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये आलेला एकच छोटा दात ब, त, न, य यांपैकी काहीही असू शकत असे. अरबी ज्याची मातृभाषा होती त्याचे या खुणांवाचून अडत नव्हते. सातव्या शतकात इराक, इराण, सीरिया, इजिप्त येथले लोक ही भाषा वापरू लागले, चुका होऊ लागल्या, आणि तेव्हा लिपीला खुणांची गरज भासली.

परंपरेने स्वरांच्या खुणा देण्याचे श्रेय बसऱ्याच्या अबुल अस्वद अद्-दुअली यांना दिले आहे. ते वाचत आणि लेखनिक त्यांच्या तोंडाकडे पाहून वेगळ्या शाईने ठिपके देई, असे सांगतात. तोंड उघडले तर अक्षराच्या वर, ओठ गोल झाले तर पुढे, खाली ओढले गेले तर खाली. 'फतहा', 'दम्मा', 'कसरा' ही स्वरचिन्हांची नावे आजही तोंडाच्या या हालचाली सांगतात. सारख्या आकाराची अक्षरे ठिपक्यांनी वेगळी करण्याचे काम इराकचा सुभेदार हज्जाज बिन यूसुफ याच्या काळात, म्हणजे 694 ते 714 या वर्षांत, पद्धतशीर झाले असे परंपरा मानते.

त्यानंतर आठव्या शतकात बसऱ्यातच खलील बिन अहमद झाले. या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. त्यांनी अरबीचा पहिला कोश रचायला घेतला आणि अक्षरे नेहमीच्या क्रमाने न लावता तोंडातल्या जागेनुसार लावली. प्रत्येक व्यंजनाआधी 'अ' लावून ते 'अब्', 'अत्' असे म्हणून पाहत आणि आवाज कुठे अडतो ते न्याहाळत. सर्वांत खोल त्यांना ऐन सापडला. म्हणून कोशाचे नाव 'किताबुल ऐन'. घशापासून सुरू होऊन ओठांकडे येणारा हा क्रम पाहिला की क-वर्गापासून प-वर्गापर्यंतची आपली वर्णमाला आठवल्याशिवाय राहत नाही. भारतीय शिक्षाशास्त्राचा, म्हणजे उच्चारशास्त्राचा, संबंध इथे होता का, हा अभ्यासकांच्या वादाचा विषय आहे. पुराव्याविना आपण त्यावर हक्क सांगू नये. खलील यांचा सर्वांत मोठा शिष्य सीबवैही हा इराणी होता. अरबी व्याकरणाचा पायाभूत ग्रंथ या परभाषकाने लिहिला, आणि त्यात ध्वनींची 16 उच्चारस्थाने सांगितली.

म्हणून मला वाटते की नवशिक्याने या भाषेच्या दारात अंग चोरून उभे राहू नये. तक्त्यावरचा प्रत्येक ठिपका त्याच्यासारख्याच कोणासाठी तरी दिला गेला आहे.

अरबांचे उच्चारही एकसारखे नाहीत. 'जीम' या अक्षराचा कैरोत 'ग' होतो. देवनागरीत 'काफ' असेच लिहिल्या जाणाऱ्या दोन अक्षरांपैकी खोल घशातले अक्षर आखातात अनेकदा 'ग'सारखे ऐकू येते, कैरोत तिथे नुसता एक अडथळा उरतो. मर्जीतले अक्षर 'दाद' तर अरबीची ओळखच मानले जाते, पण सीबवैहीने वर्णन केलेला दाद जिभेच्या कडेवरून निघणारा होता, आजचा बहुतेक ठिकाणी जड 'द' आहे. आपण रमजान म्हणतो आणि अरब रमदान म्हणतात, ते याच अक्षरामुळे. तरीही शिकणाऱ्याने आधी एक प्रमाण उच्चार पक्का करावा. बोलींकडे वळायला पुढे पुष्कळ वेळ मिळतो.

आकारांची भीती लवकर जाते. एका अक्षराची चार रूपे म्हटली तरी बहुतेकदा शेपूट कापले जाते आणि डोके राहते. सहा अक्षरे तर पुढच्याला जोडलीच जात नाहीत. अडचण पुढे येते, वर्तमानपत्र हाती घेतल्यावर. तिथे ऱ्हस्व स्वरांच्या खुणा नसतात. 'क-त-ब' ही तीन अक्षरे 'त्याने लिहिले', 'लिहिले गेले' किंवा 'पुस्तके' यांपैकी काहीही असू शकतात, आणि वाक्य समजले तरच कळते. मोडी वाचणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. तिथेही ऱ्हस्व-दीर्घ लिहिणाऱ्याने सोडून दिलेले असते आणि वाचणाऱ्याने ते भाषेच्या जाणिवेतून भरायचे असते. त्यामुळे सुरुवातीला स्वरचिन्हे असलेलाच मजकूर वाचावा आणि मोठ्याने वाचावा.

रत्नागिरी-रायगडातून आखातात गेलेली कितीतरी माणसे दुकानांत, गोदामांत ऐकून ऐकून कामापुरती अरबी बोलू लागतात. त्यांचा कान तयार झालेला असतो, अक्षरओळख नसते. पुस्तकातून शिकणाऱ्याचे नेमके उलट होते. दोघांचीही उणीव भरून काढणारी जागा महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आणि मोहल्ल्यांत आहे. मक्तबातली, म्हणजे कुराण वाचायला शिकवणाऱ्या शाळेतली, लहान मुले 'कायदा' हे अक्षरओळखीचे पुस्तक पुढे ठेवून एकेक अक्षर त्याच्या उच्चारस्थानावरून घोकत असतात, आणि शिकवणारे प्रत्येकाच्या तोंडाकडे लक्ष देऊन चूक दुरुस्त करतात. अरबी शिकायची इच्छा असेल तर आधी तिथे जा, ऐन आणि दोन्ही 'ह' म्हणून दाखवायची विनंती करा, आणि तुमचा उच्चार त्यांना ऐकवा.